मेणाचीं जहाजें

स्कॉटलंडच्या पश्चिम भागांत डंबार्टन म्हणून एक गांव आहे. तेथें एक लांबच लांब, बैठी इमारत उभी आहे. आंत शिरलें तरी प्रथमदर्शनीं कांहीं अद्भुत दिसत नाहीं. सुमारें ३०० फूट लांबीचा एक अरुंद हौद, त्यांत निश्चल पाणी, हौदाच्या दोन्ही कांठांवर बसविलेले रूळ आणि त्या रुळांवरून ढकलतां येईल अशी एक चौकट, एवढेंच. हे रूळ कोणत्याहि गांवाला जात नाहींत. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन थांबतात. परंतु इ. स. १८८३ पासून पुढें ऐंशी वर्षें या गांवच्या एका कारखान्यानें जीं जहाजें समुद्रावर पाठविलीं, त्यांतील पुष्कळशीं आधीं या हौदांतून जाऊन आलेलीं होतीं. तेव्हां तीं लहानशीं होतीं, आणि मेणाचीं होतीं.

हा कारखाना विल्यम डेनी आणि बंधू यांचा. क्लाइड नदीच्या जहाजांची गोष्ट निघाली कीं लोकांच्या तोंडीं प्रथम येतें तें क्लाइडबँकचें नांव. तेथें 'लुसिटानिया' झाली, तेथेंच 'क्वीन मेरी' झाली; जगानें डोळे विस्फारून पाहावें अशीं तीं प्रचंड जहाजें. डेनींच्या वांट्याला हें भाग्य आलें नाहीं, आणि येणें शक्यहि नव्हतें. त्यांचा कारखाना प्रत्यक्ष क्लाइडवर नव्हता. लॉक लोमंड सरोवरांतून निघून क्लाइडला मिळणारी लेव्हन नांवाची एक लहानशी नदी आहे, तिच्या कांठीं, डंबार्टनच्या किल्ल्याच्या खडकाजवळ तो होता. नदीच अरुंद, तेव्हां जहाजाच्या लांबीरुंदीलाहि मर्यादा. खाडी ओलांडणाऱ्या आगबोटी, टपालाच्या बोटी, नद्यांतील बोटी, मध्यम आकाराचीं मालवाहू जहाजें, हा येथला माल. अशीं चौदाशेंहून अधिक जहाजें डेनींनीं बांधलीं. त्यांतील बहुतेकांचीं नांवें आज कोणाला ठाऊकहि नाहींत. मात्र जहाज बांधावें कसें, याविषयीं जगाला जें नवें ज्ञान मिळालें, त्याचा मोठा वांटा क्लाइडबँकहून नव्हे, तर या लहान नदीकांठून गेला.

डेनी घराण्याचा जहाजांशीं संबंध जुना. पहिल्या विल्यम डेनीनें १८१८ सालीं बांधलेली 'रॉब रॉय' ही आगबोट ग्रीनॉकहून बेलफास्टपर्यंत खुल्या समुद्रांतून जाऊं लागली. वाफेची बोट म्हणजे नदींतलें खेळणें अशी समजूत असण्याचा तो काळ. पुढें १८४० नंतरच्या दशकांत त्याच्या मुलांनीं लोखंडी जहाजांचा स्वतंत्र कारखाना काढला, आणि त्यांतील पीटर डेनी यानें तो नांवारूपाला आणला. पीटर हा व्यवहारी गृहस्थ होता. तो जहाजें बांधी, आणि जीं बांधी तीं चालविणाऱ्या कंपन्यांत स्वतःचा पैसाहि गुंतवी. म्हणजे गिऱ्हाइकाच्या नफ्यातोट्यांत त्याचा भाग असे.

या गांवांतून निघालेलें सर्वांत प्रसिद्ध जहाज डेनींचें म्हणावें कीं नाहीं, हा वादाचा प्रश्न आहे. लंडनच्या जॉन विलिस नांवाच्या जहाजमालकानें चीनहून चहा आणण्यासाठीं एक वेगवान शिडाचें जहाज करावयास दिलें. काम घेतलें डेनींच्या शेजारच्या स्कॉट आणि लिंटन या नव्या मंडळीनें. भाव ठरला टनाला १७ पौंड. विलिस हिशेबाला कडक, आणि लिंटन मालाच्या बाबतींत चोखंदळ. या दोहोंच्या कात्रींत कारखान्याचें दिवाळें वाजलें. अर्धवट राहिलेलें काम डेनींनीं पुरें करून दिलें. तेंच जहाज 'कटी सार्क'. १८६९ च्या नोव्हेंबरच्या २२ तारखेस तें पाण्यांत उतरलें. त्याच महिन्याच्या १७ तारखेस सुवेझचा कालवा उघडला होता. कालव्यांतून आगबोटी सुखानें जाऊं शकत, शिडाच्या जहाजांना तो वाऱ्यांमुळें निरुपयोगी. म्हणजे ज्या व्यापारासाठीं हें सुंदर जहाज जन्मास आलें, तो व्यापार त्याच्या जन्माआधीं पांच दिवस मरणपंथाला लागला. पुढें तें ऑस्ट्रेलियाची लोंकर वाहूं लागलें व त्यांत त्यानें वेगाची कीर्ति मिळविली. १८९५ सालीं पोर्तुगीजांना विकलें गेलें, १९२२ सालीं परत इंग्लंडांत आलें, १९५४ सालीं ग्रीनिच येथें कायमचें कोरड्या गोदींत ठेवलें गेलें. २००७ सालीं त्याला आग लागली, आणि डागडुजी होऊन २०१२ सालीं तें पुनः लोकांना पाहावयास खुलें झालें. लिंटनला या जहाजानें बुडविलें, आणि लिंटनचें नांव राहिलें तें या जहाजामुळेंच.

'कटी सार्क'चा आकार लिंटननें कसा ठरविला? डोळ्यानें, हातानें आणि पूर्वींच्या जहाजांच्या अनुभवानें. त्या वेळीं सर्वच जहाजें अशीं बांधलीं जात. लांकडाचा एक लहान अर्धा नमुना तासावा, त्यावरून हात फिरवावा, आणि ही पाठ पाण्याला रुचेल असें मनाला पटलें म्हणजे कामाला आरंभ करावा. शिडाच्या जहाजापुरतें हें चालून जाई, कारण वारा फुकटचा. आगबोटीचें तसें नव्हे. गिऱ्हाईक करारांतच लिहून घेई कीं जहाजानें ताशीं इतके मैल गेलें पाहिजे. त्याला किती अश्वशक्तीचें यंत्र लागेल? यंत्र थोडें पडलें तर करार मोडला. जास्त घातलें तर जहाज जन्मभर फुकटचा कोळसा खाणार, आणि त्या कोळशाच्या जागीं जो माल भरतां आला असता त्याचें भाडेंहि बुडणार. जहाज पाण्यांत उतरून बाफ धरीपर्यंत या प्रश्नाचें उत्तर कोणालाच ठाऊक नसे, आणि तेव्हां तें कळून उपयोग नसे.

या अंदाजाच्या कारभाराचा ज्याला मनापासून कंटाळा आला, तो पीटरचा मुलगा. त्याचेंहि नांव विल्यमच. जन्म १८४७ चा. कारखान्यांत भागीदार झाल्यावर त्यानें पहिली गोष्ट केली ती दिसावयास अगदीं साधी. नव्या आगबोटीची परीक्षा घ्यावयाची म्हणजे मोजलेल्या एका मैलावरून ती पूर्ण वेगानें पळवून पाहावयाची, अशी चाल होती. विल्यमनें तीच बोट आधीं सावकाश, मग थोडी जलद, मग आणखी जलद अशी वेगवेगळ्या वेगांनीं चालविली, आणि प्रत्येक वेळीं यंत्राला किती शक्ति लागली तें टिपून त्याची वक्ररेषा काढली. एका आंकड्याच्या ठिकाणीं जहाजाचा सबंध स्वभाव कागदावर उतरला. ही परीक्षा झालेल्या बोटींपैकीं 'मरकारा' ही प्रसिद्ध आहे. १८७५ सालीं ब्रिटिश इंडिया कंपनीसाठीं ती बांधली गेली. मुंबई-कलकत्त्याच्या धक्क्यांना परिचयाच्या झालेल्या कंपनीची ही बोट. नांव कुर्गच्या राजधानीचें. तिचे आंकडे विल्यम डेनीनें विल्यम फ्रूड नांवाच्या शास्त्रज्ञाच्या हवालीं केले.

या फ्रूडविषयीं चार शब्द सांगितल्याविना पुढची कथा समजावयाची नाहीं. हा मूळचा रेल्वेचा इंजिनीयर. १८६७ च्या सुमारास त्यानें डार्ट नदींत दोन आकारांचे नमुने ओढून पाहिले. एकाचें नांव 'डोमकावळा', तो टोंकदार; दुसऱ्याचें 'हंस', तो गोलसर. टोंकदार तोच नेहमीं सहज पळेल असें कोणीहि सांगितलें असतें. प्रत्यक्षांत हळू वेगाला डोमकावळा सरस ठरला, आणि वेग वाढल्यावर हंसानें त्याला मागें टाकलें. डोळ्याच्या परीक्षेचा फोलपणा याहून स्पष्ट काय दिसावा?

परंतु लहान नमुन्यावरून मोठ्या जहाजाचें भाकीत करावें कसें? पूर्वींचे लोक येथेंच फसत आले होते. ३२० फुटांच्या जहाजाचा २० फुटांचा नमुना केला, म्हणजे सोळाव्या हिश्शाचा. जहाज ताशीं २० सागरी मैल जाणार असेल, तर नमुना कोणत्या वेगानें ओढावा? त्याच वेगानें नव्हे, सोळाव्या हिश्शानेंहि नव्हे. फ्रूड म्हणाला, सोळाचें वर्गमूळ चार. तेव्हां चौथ्या हिश्शानें, म्हणजे ताशीं पांच मैलांनीं ओढा. तसें केलें कीं नमुन्याभोंवतीं ज्या लाटा उठतात, त्या जहाजाभोंवतीं उठणाऱ्या लाटांचें हुबेहूब लहान चित्र असतात. लाटा उठविण्यांत खर्च होणारी शक्ति या नियमानें मोठ्या मापांत वाढवावयाची. पाण्याच्या घर्षणाचा भाग या नियमांत बसत नाहीं, तो निराळा मोजून निराळा मिळवावयाचा. ही दोन खातीं वेगळीं करणें, यांतच सारें मर्म होतें. ब्रिटिश आरमारानें पैसा दिला, आणि १८७२ सालीं टॉर्के येथें फ्रूडच्या घराजवळ पहिला हौद तयार झाला. 'मरकारा'चे आंकडे तपासून फ्रूडनें दाखवून दिलें कीं तिच्या यंत्राची जी शक्ति मोजली जाते, तिच्यांतील निम्म्याहूनहि कमी शक्ति जहाज पुढें ढकलण्याच्या कामीं येते. बाकीची यंत्राच्या घर्षणांत व पंख्याच्या फेऱ्यांत वाटेंतच गळते. जहाजमालकांनीं आपली कोळशाची बिलें उघडून पाहावींत असा हा शोध होता.

फ्रूड १८७९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत वारला. सरकारी हौद होता तो आरमारासाठीं. विल्यम डेनीनें वडिलांना पटविलें कीं आपल्या खासगी कारखान्यालाहि असा हौद पाहिजे. जहाजें बांधण्याच्या धंद्यांत पाण्यानें भरलेल्या खोलीवर एवढा पैसा घालणें हें शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचित्र वाटलें असल्यास नवल नाहीं. १८८३ सालीं तो तयार झाला. व्यापारी कारखान्याच्या मालकीचा असा जगांतील हा पहिलाच.

काम चाले तें असें. प्रथम मातीच्या सांच्यांत पॅराफिनचें मेण ओतून जाड नमुना काढावयाचा. मग यंत्रानें नकाशाच्या रेषांबरहुकूम त्यावर खांचा पाडावयाच्या व उरलेलें मेण हातानें तासून गुळगुळीत करावयाचें. नमुना पाण्यांत ठेवून रुळावरच्या चौकटीला जोडावयाचा, चौकट ठराविक वेगानें चालवावयाची, आणि ओढीला किती जोर लागतो तें फिरत्या कागदावर यंत्रानेंच रेघ ओढून दाखवावयाचें. पाण्याची हालचाल शमेपर्यंत स्वस्थ बसावयाचें, आणि पुनः पहिल्यापासून. नाक थोडें बारीक करून पाहा, पोट थोडें मागें सारून पाहा. मेणाचा मोठा गुण हा, कीं काम झाल्यावर नमुना वितळवून त्याचेंच दुसरें जहाज करतां येतें. शेंकडों जहाजें त्या एकाच कढईंत गेलीं आणि निघालीं.

हौदाच्याहि आधीं, १८७९ सालीं, डेनींनीं दुसरें एक साहस केलें होतें. न्यूझीलंडच्या युनियन कंपनीसाठीं त्यांनीं 'रोटोमहाना' ही बोट लोखंडाऐवजीं नरम पोलादाची बांधली. महासागरावर जाणारी या धातूची ही पहिली व्यापारी आगबोट. पोलाद मजबूत, म्हणून पत्रा पातळ चालतो, आणि वजन वांचतें. परंतु या नव्या धातूवर भरंवसा ठेवावा कीं नाहीं, याविषयीं जाणत्यांत मतभेद होता. त्याचा निकाल एका खडकानें लावला. बोट कामावर रुजू झाल्यावर लौकरच ती त्यावर चढली. लोखंडाचा पत्रा अशा वेळीं फाटतो. हिचे पत्रे नुसते वांकले.

विल्यम डेनीची दृष्टि यंत्रापुरतीच नव्हती. १८८० सालीं त्यानें असा नियम केला, कीं कोणाहि कामगारानें काम सोपें, स्वस्त वा सुरक्षित करण्याची नवी युक्ति सुचविली, आणि ती पसंत ठरली, तर त्याला रोख बक्षीस द्यावयाचें. लोहार, सुतार, रिव्हेट ठोकणारा, कोणीहि यावें. पुढें असे प्रकार जगभर रूढ झाले. त्या काळीं मालकानें मजुराला युक्ति विचारणें हीच नवलाईची गोष्ट होती. या तडफदार माणसाचा शेवट मात्र फार दुःखद झाला. दक्षिण अमेरिकेंतील एका नदीबोटींच्या धंद्यांत डेनींचा पैसा अडकला होता. तो सांवरण्यासाठीं विल्यम ब्वेनोस आयरेसला गेला, आणि तेथेंच १८८७ सालच्या मार्च महिन्यांत त्यानें स्वतःच्या हातानें आपलें आयुष्य संपविलें. वय ३९ वर्षांचें. वृद्ध पीटर मुलामागें आठ वर्षें जगला.

हौद मात्र थांबला नाहीं. चार्ल्स पार्सन्स या इंजिनीयरनें वाफेच्या टर्बाइनवर चालणारी आपली छोटी 'टर्बिनिया' १८९७ सालीं आरमाराच्या समारंभांत सर्वांच्या देखत पळवून मोठी खळबळ उडविली होती. पण भाडें देणाऱ्या उतारूंच्या बोटींत हें नवें यंत्र घालावयास कोण धजणार? अखेर पार्सन्स, डेनी आणि बोटींचे एक कप्तान विल्यमसन या तिघांनीं मिळून धोका पत्करला. १९०१ सालीं 'किंग एडवर्ड' पाण्यांत उतरली आणि परीक्षेंत ताशीं २० सागरी मैलांहून अधिक गेली. त्याच वर्षीं आरमाराच्या दोन टर्बाइन विनाशिका एकामागून एक बुडाल्या. दोष टर्बाइनचा नव्हता, तरी अपशकून तो अपशकूनच. त्या उन्हाळ्यांत ही सहलीची बोट क्लाइडच्या खाडींत बिनबोभाट फेऱ्या करीत राहिली नसती, तर टर्बाइनची पत टिकली असती कीं नाहीं, सांगणें कठीण आहे. पुढें सहा वर्षांत 'लुसिटानिया' टर्बाइनवरच अटलांटिक ओलांडूं लागली. 'किंग एडवर्ड' १९५१ पर्यंत, म्हणजे अर्धें शतक, काम करीत होती.

त्याच १९०१ सालीं हौदाचा गर्व उतरविणारी एक गंमतहि घडली. चहाचे व्यापारी सर टॉमस लिप्टन यांना शिडांच्या शर्यतींतला 'अमेरिका चषक' जिंकावयाचा होता. त्यांची 'शॅमरॉक दुसरी' ही होडी डेनींनीं बांधली. तिच्यासाठीं हौदांत कितीतरी नमुने ओढून पाहिले. समोरच्या 'कोलंबिया'च्या रचनाकारापाशीं हौद नव्हता, तो जुन्या पद्धतीनें लांकूड तासणारा. 'कोलंबिया' जिंकली.

डेनींच्या जहाजांची सर्वांत मोठी जत्रा भरली ती मात्र ब्रह्मदेशांत. इरावती फ्लोटिला कंपनी १८६५ सालीं स्थापन झाली. तिच्यांत डेनींचें भांडवल होतें आणि तिच्या बोटींपैकीं फार मोठा भाग त्यांनींच बांधला. इरावतीचा पावसाळा सरला कीं पाणी उतरतें, वाळूचे पट्टे वर येतात आणि दर हंगामाला जागा बदलतात. अशा नदीला ३०० फुटांहून लांब, दोन मजल्यांची, हजारों उतारू नेणारी, आणि तरीहि अगदीं थोड्या पाण्यांत तरंगणारी बोट पाहिजे. ती डंबार्टनला जोडून पाहावयाची, प्रत्येक तुकड्यावर खूण करून पुनः सुटी करावयाची, दुसऱ्या जहाजांतून रंगूनला न्यावयाची, आणि तेथल्या डल्ला गोदींत रिव्हेट ठोकून उभी करावयाची. या बोटींवर सारा प्रदेश जगे. तांदूळ, कापड, टपाल, भिक्षु, वऱ्हाडी, सारे त्यांवरच.

आणि साम्राज्यहि त्यांवरच चालून आलें. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजी फौज मंडालेवर गेली ती याच कंपनीच्या बोटींतून. आणि पदच्युत राजा थिबा राणीसह मंडालेहून खालीं आला तोहि कंपनीच्या 'थूरिया' या बोटीवरून. पुढें त्याला मद्रासमार्गें १८८६ सालीं रत्नागिरीस आणून ठेवलें; तेथेंच १९१६ सालीं तो वारला. रत्नागिरीच्या टेंकडीवरचा त्याचा राजवाडा सर्वांना माहीत आहे. व्यापाराची म्हणून बांधलेली बोट कोणाला कोठें नेऊन सोडील, हें बांधणाराच्या हातीं नसतें.

या तांड्याचा अंत १९४२ सालीं झाला, आणि तो शत्रूनें केला नाहीं. जपानी फौज उत्तरेकडे सरकूं लागली, तेव्हां बोटी तिच्या हातीं पडूं नयेत म्हणून कंपनीच्याच माणसांनीं त्या आपल्या हातानें बुडविल्या. मंडालेपाशीं आणि नदीच्या इतर भागांत शेंकडों लहानमोठीं वाहनें तळाला गेलीं. तुकडा तुकडा खूण करून जीं पाठविलीं, जोडलीं आणि वर्षानुवर्षें रंगवून ठेवलीं, त्यांना भोंकें पाडावयास तींच माणसें लागलीं.

डंबार्टनला यानंतरहि काम होतें. समुद्राच्या लाटांत जहाज कमी डोलावें म्हणून दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे हलते पंख लावण्याची युक्ति डेनी आणि एडिंबरोचे ब्राउन बंधू यांनीं सिद्ध केली होती, व १९३६ सालीं 'आइल ऑफ सार्क' या बोटीला ते पंख बसविले होते. पुढें मोठमोठ्या जहाजांनीं ते घेतले.

मग १९५३ चा जानेवारी उजाडला. 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया' ही स्ट्रॅनरारहून आयर्लंडमधील लार्नला उतारू व मोटारी नेणारी बोट. डेनींनीं ती १९४६ सालीं पाण्यांत सोडली होती. मोटारी आंत घेण्यासाठीं तिच्या पिछाडीला दरवाजे होते. ३१ जानेवारीच्या वादळांत लाटांनीं ते दरवाजे मोडले, मोटारींच्या मजल्यावर पाणी शिरलें आणि बाहेर पडावयास त्याला पुरेशी वाट मिळाली नाहीं. बोट कलत गेली व कांहीं तासांनीं आयर्लंडच्या किनाऱ्यापासून जवळच बुडाली. सव्वाशेंहून अधिक माणसें गेलीं. वांचले ते सारे पुरुष. बोटीवरची एकहि स्त्री वा मूल वांचलें नाहीं. चौकशींत दरवाजे कमकुवत ठरले, पाण्याच्या निचऱ्याची सोय अपुरी ठरली, आणि ठपका बोटीचे मालक व व्यवस्थापक यांच्यावर आला. तरी बोट डंबार्टनची होती. पाण्यांतून जहाज ओढावयास किती जोर लागतो, हा एक प्रश्न. लाटेनें मागून तडाखा दिला तर दरवाजा किती सोसेल, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर हौदांत मिळत होतें.

युद्धानंतरचीं भरभराटीचीं वर्षें सरलीं. परदेशांतले कारखाने स्वस्तांत व लौकर जहाजें देऊं लागले. डेनींनीं आपल्या स्वभावाप्रमाणें पुनः एक नवी गोष्ट हातीं घेतली. हवेच्या गादीवर पाण्यावरून सरकणारी बोट. तिच्यावर पुष्कळ पैसा खर्ची पडला. १९६३ सालीं कारखाना बंद झाला आणि मालमत्ता विकावयास निघाली. लेव्हनच्या कांठीं शंभराहून अधिक वर्षें चाललेला हातोड्यांचा आवाज थांबला.

हौद मात्र कोणी बुजविला नाहीं. पुढें कांहीं वर्षें तो प्रयोगांच्या उपयोगीं पडत राहिला, आणि आतां स्कॉटलंडच्या सागरी संग्रहालयाचा भाग आहे. पाणी अजून भरलेलें असतें, रूळ जागच्या जागीं आहेत, आणि मेण तासण्याचीं हत्यारें पाहावयास मिळतात. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दगडांत एका माणसाचा चेहरा कोरलेला आहे. डेनी घराण्यांतील कोणाचा तो असावा असें नवख्याला वाटतें. तो विल्यम फ्रूडचा आहे.